दाराशी ठेवलेली करंडी
पीटरबरोच्या कलावंत-वसाहतीची कथा

अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचे डोंगराळ व गर्द वनराईचे एक छोटे राज्य आहे. त्याच्या दक्षिणेस, मोनॅडनॉक पर्वताच्या परिसरात, पीटरबरो हे गाव वसले आहे. गाव लहान, परंतु गेल्या शंभराहून अधिक वर्षांत अमेरिकेतील कितीतरी कविता, कादंबऱ्या, नाटके आणि संगीतरचना या गावाजवळच्या एका शेतवाडीवर जन्मास आल्या. तेथे येणारे कलावंत पुष्कळदा थकूनभागून येत. कोणी दारिद्र्याने गांजलेले, कोणी व्यसनाने, कोणी प्रियजनांच्या वियोगाने, तर कोणी केवळ शहरी धावपळीने. परतताना मात्र त्यांतील अनेकांच्या हाती काहीतरी नवे असे आणि मनही पुष्कळसे सावरलेले असे. ही किमया कशाची? डोंगरावरच्या शुद्ध हवेची? एकांताची? की आणखी कशाची? या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून त्या शेतवाडीचा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या कथेची सुरुवात एका संगीतकारापासून होते. एडवर्ड मॅक्डॉवेल यांचा जन्म १८६० साली न्यूयॉर्क येथे झाला. किशोरवयातच ते शिक्षणासाठी युरोपात गेले. प्रथम पॅरिस व नंतर जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे त्यांनी पियानोवादनाचा व संगीतरचनेचा अभ्यास केला. १८८२ मध्ये वायमार येथे जाऊन त्यांनी आपली रचना थोर संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांना ऐकवली, आणि लिस्ट यांनी या तरुणाची पाठ थोपटली. अमेरिकन संगीतकाराकडे युरोपाने गांभीर्याने पाहावे, असा तो काळ नव्हता. म्हणून या कौतुकाचे मोल मोठे होते.

फ्रँकफर्ट येथेच त्यांच्याकडे मॅरियन नेव्हिन्स ही अमेरिकन तरुणी पियानो शिकावयास आली. तिला वास्तविक क्लारा शूमान यांच्यासारख्या विख्यात कलावतीचे शिष्यत्व हवे होते. तो योग जुळला नाही आणि तिला एडवर्ड यांच्याकडे पाठविण्यात आले. संगीत शिकण्यासाठी समुद्र ओलांडून जर्मनी गाठावी आणि शिक्षक मिळावा तोही आपल्याच देशाचा, हे तिला सुरुवातीस मुळीच रुचले नाही! पुढे गुरु-शिष्येचे हे नाते बदलले आणि १८८४ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. संसारात त्यांना अपत्यसुख लाभले नाही. १८८६ मध्ये मॅरियनबाईंचे मूल मृतावस्थेत जन्मले, त्या स्वतः दीर्घकाळ आजारी राहिल्या आणि पुन्हा मातृत्वाचा योग आला नाही. स्वतःच्या पियानोवादनाची महत्त्वाकांक्षा बाजूस सारून त्यांनी पतीच्या कार्याला वाहून घेतले.

१८८८ मध्ये हे दांपत्य अमेरिकेस परतले आणि बॉस्टनला राहिले. १८९६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी निर्णायक ठरले. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने एडवर्ड यांना आपले पहिले संगीत-प्राध्यापक म्हणून नेमले; आणि त्याच वर्षी मॅरियनबाईंनी पीटरबरो येथे 'हिलक्रेस्ट' नावाची शेतवाडी विकत घेतली. नऊ महिने विद्यापीठाचा व्याप आणि उन्हाळ्यात शेतवाडीवर वास्तव्य, असा क्रम सुरू झाला. शहरात व्याख्याने, परीक्षा आणि बैठका यांत दिवस सरत. संगीत सुचे ते शेतवाडीवर. त्यांची सर्वांत लोकप्रिय ठरलेली 'वुडलँड स्केचेस' ही पियानोरचनांची माला १८९६ सालचीच आहे. तिच्यातील रानगुलाबावरील छोटी रचना पुढे पियानो शिकणाऱ्या असंख्य मुलामुलींच्या हातांखालून गेली.

परंतु शेतवाडीवरही घर म्हटले की घराचे आवाज आलेच. पाहुणे, नोकरचाकर, दारावरची थाप हे सारे असायचेच. हे ओळखून मॅरियनबाईंनी घरापासून दूर, रानात, पतीसाठी लाकडी ओंडक्यांची एक कुटी बांधवून घेतली. एक खोली, एक शेकोटी आणि भोवती झाडे, एवढेच तिचे ऐश्वर्य. एडवर्ड सकाळी तेथे जात ते संध्याकाळी परतत. दुपारी त्यांची तंद्री भंगू नये म्हणून मॅरियनबाई जेवणाची करंडी घेऊन पायी जात, ती दाराशी ठेवीत आणि दार न वाजवता, हाक न मारता परत फिरत. वाचकांनी ही करंडी ध्यानात ठेवावी. पुढे उभ्या राहिलेल्या संस्थेची सारी घटना तिच्यात सामावलेली आहे, असे आम्हांस वाटते.

हे सुख फार काळ टिकले नाही. विद्यापीठात संगीत, चित्र, शिल्प या कलांचे शिक्षण एकमेकींच्या सोबतीने दिले जावे, असा एडवर्ड यांचा आग्रह होता. रोम येथे अमेरिकन अकादमी उभारणाऱ्यांतही ते सहभागी होते. तेथे निरनिराळ्या क्षेत्रांतील कलावंत एकत्र राहून एकमेकांस समृद्ध करतील, ही कल्पना त्यांना मनापासून भावली होती. विद्यापीठाच्या नव्या अध्यक्षांशी मात्र त्यांचे मतभेद झाले, वाद वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला आणि १९०४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका घोडागाडीची धडक बसून ते जखमी झाल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्यानंतर त्यांची बुद्धी हळूहळू मंदावत गेली. त्यांच्या आजाराचे निदान आजही वादाचा विषय आहे. त्या काळी झोपेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ब्रोमाइडच्या औषधांनी हा घात केला असावा, असेही एक मत अलीकडे मांडले गेले आहे. कारण काहीही असो. पंचेचाळिशीतला हा प्रतिभावंत लहान मुलासारखा परावलंबी झाला.

या आजारपणात एडवर्ड यांनी पत्नीजवळ एक इच्छा बोलून दाखवली होती. शेतवाडीने आपल्याला जे दिले ते इतर कलावंतांनाही मिळावे. १९०६ मध्ये त्यांच्या मदतीसाठी निधी उभारण्यात आला, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड, उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी व जे. पी. मॉर्गन अशा मातब्बरांनी त्यात पुढाकार घेतला. १९०७ मध्ये मॅरियनबाईंनी शेतवाडी त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या स्मारक-संस्थेच्या स्वाधीन केली. त्याच उन्हाळ्यात पहिल्या पाहुण्या आल्या. शिल्पकार हेलन मिअर्स आणि लेखिका मेरी मिअर्स या त्या दोघी बहिणी होत. २३ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, एडवर्ड निवर्तले. पीटरबरोच्या त्याच भूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

येथे क्षणभर थांबावयास हवे. ज्याच्या दुखण्यातून ही वसाहत निर्माण झाली, तो स्वतः तेथे बरा झाला नाही. झाडे तीच होती, हवा तीच होती, कुटीही तीच होती. तरी एडवर्ड यांची बुद्धी परतली नाही. तेव्हा रानात जाऊन राहिले की दुखणे बरे होते, असा भाबडा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. मग पुढे जे घडले ते कशाच्या बळावर?

पतीच्या निधनसमयी मॅरियनबाईंचे वय पन्नास होते. प्रकृती नाजूक, कुबड्यांचा आधार घ्यावा लागे अशीही वर्षे त्यांच्या वाट्याला आली. बड्या लोकांची नावे निधीला लाभली असली तरी वसाहत चालविण्यास लागणारा पैसा वर्षानुवर्षे उभा करणे ही निराळी गोष्ट होती. तेव्हा या बाईंनी कित्येक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पियानोचा सराव सुरू केला. गावोगावी जाऊन त्या पतीच्या रचना वाजवीत, मध्येमध्ये वसाहतीची कथा सांगत आणि मदतीचे आवाहन करीत. राज्याराज्यांत महिलांची संगीतमंडळे होती. त्यांनी या कार्याला हातभार लावला. लखपतींच्या देणग्यांइतकाच सामान्य घरांतील स्त्रियांच्या वर्गणीचा आधार या वसाहतीला मिळाला, ही गोष्ट इतिहासाने विसरता कामा नये. अशा रीतीने लोकांच्या पैशातून रानात एकेक कुटी उभी राहिली. एकीपासून दुसरी दिसू नये, दुसरीचा आवाज पहिलीत येऊ नये, इतक्या अंतराने त्या बांधल्या गेल्या.

वसाहतीचा दिनक्रम मॅरियनबाईंनी पतीच्या दिवसावरूनच आखला होता. सकाळी एकत्र न्याहारी. मग प्रत्येकाने आपापल्या कुटीत जावयाचे. दुसऱ्याच्या कुटीवर निमंत्रणावाचून जावयाचे नाही. दुपारी जेवणाची करंडी दाराशी येई; आणणारा ती मुकाट्याने ठेवून निघून जाई. संध्याकाळी मात्र सर्वांनी एकत्र जेवावयाचे. कवीच्या शेजारी शिल्पकार बसे, संगीतकाराच्या समोर कादंबरीकार. एडवर्ड यांना विद्यापीठात जे साधता आले नव्हते, ते जेवणाच्या टेबलावर सहज साधले. किती पाने लिहिली, किती चित्रे पुरी केली, याचा हिशेब कोणी मागत नसे. निरोप घेण्यापूर्वी मात्र कुटीतील लाकडी फळीवर आपले नाव लिहावयाचे, ही प्रथा पडली. या फळ्यांना तेथील मंडळी थट्टेने 'थडगी' म्हणतात. त्यांवरील नावांची यादी म्हणजे अमेरिकन कलेचा एक छोटा इतिहासच आहे.

त्या यादीतील एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन या कवीचे उदाहरण आम्हांस सर्वांत बोलके वाटते. त्यांच्या दोन्ही थोरल्या भावांची आयुष्ये व्यसनांनी पोखरून काढली होती. स्वतः कवीही मद्याच्या आहारी गेले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांच्या कविता वाचून १९०५ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयात नोकरी मिळवून दिली. १९०९ मध्ये तीही सुटली. १९११ च्या उन्हाळ्यात एका मित्राच्या आग्रहाखातर ते पीटरबरोला आले, तेही साशंक मनाने. कलावंतांच्या मेळ्यात राहण्याची कल्पनाच या अबोल माणसाला नकोशी होती. परंतु तेथील नियमित दिवस, रिकामी सकाळ आणि संध्याकाळची मोजकी सोबत त्यांना मानवली. ते दुसऱ्या वर्षी आले, तिसऱ्या वर्षी आले, आणि १९३४ पर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात येत राहिले. १९२२, १९२५ व १९२८ अशी तीन वेळा त्यांना कवितेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. व्यसनाची ओढ त्यांच्या मनातून कायमची नाहीशी झाली असा दावा आम्ही करीत नाही. परंतु ज्या माणसाला वर्षाचे बारा महिने जड जात होते, त्याला दरवर्षी परतण्यासाठी एक जागा मिळाली आणि तिच्या आधाराने उरलेले महिनेही निभावले, एवढे निश्चित म्हणता येते.

दुसरे उदाहरण संगीतकार एमी बीच यांचे. त्या बालपणापासून विलक्षण पियानोवादक होत्या. १८८५ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांचा विवाह बॉस्टनच्या एका प्रतिष्ठित डॉक्टरांशी झाला. वयात जवळजवळ दोन तपांचे अंतर. पतीच्या इच्छेनुसार त्यांनी जाहीर वादन जवळजवळ सोडले व रचना करण्याकडे लक्ष वळवले. १८९६ मध्ये, म्हणजे मॅक्डॉवेल दांपत्याने शेतवाडी घेतली त्याच वर्षी, बॉस्टनच्या वाद्यवृंदाने त्यांची सिम्फनी सादर केली. अमेरिकन स्त्रीच्या सिम्फनीला मिळालेला असा मान अपूर्व होता. १९१० मध्ये पती आणि १९११ मध्ये आई गेली. घर रिते झाले. युरोपात काही वर्षे घालवून त्या परतल्या आणि १९२१ मध्ये प्रथम पीटरबरोला आल्या. तेथील रानात 'हर्मिट थ्रश' नावाचा कस्तूर कुळातील एक लाजरा पक्षी गातो. त्याचे सकाळ-संध्याकाळचे सूर त्यांनी कान देऊन टिपले आणि त्यांवर दोन पियानोरचना केल्या. पुढील दोन दशकांतील त्यांच्या पुष्कळशा रचना या रानातच आकारास आल्या. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा आपल्या रचनांचे उत्पन्न त्यांनी या वसाहतीलाच दिल्याचे आढळून आले. पंक्तीत जेवून गेलेल्या पाहुणीने पुढच्या पाहुण्यांच्या अन्नाची तरतूद करून ठेवली होती!

१९२६ च्या उन्हाळ्यात विला कॅथर या लेखिका येथे येऊन एका कादंबरीवर काम करीत होत्या. सांता फेचे पहिले आर्चबिशप लामी यांच्या जीवनावर आधारलेली ती कादंबरी पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाली. लेखिका स्वतः कॅथलिक नव्हत्या. तरीही फ्रान्सहून न्यू मेक्सिकोच्या उजाड माळांवर आलेल्या त्या धर्मगुरूंची एकाकी श्रद्धा त्यांनी ज्या जिव्हाळ्याने रंगवली, तिच्यामुळे ही कादंबरी आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. थॉर्नटन वाइल्डर यांनी १९३८ साली रंगभूमीवर आलेल्या 'अवर टाउन' या नाटकाचा काही भाग येथे लिहिला. त्यातील काल्पनिक गावात पीटरबरोची छाया स्पष्ट दिसते. १९५४ मध्ये जेम्स बाल्डविन हे कृष्णवर्णीय लेखक येथे राहून गेले. त्या काळच्या अमेरिकेत अनेक उपाहारगृहांत त्यांना गोऱ्यांच्या पंक्तीला बसता आले नसते. येथे मात्र इतरांसारखीच त्यांचीही करंडी दाराशी येत होती.

संकटेही आली. सप्टेंबर १९३८ मध्ये न्यू इंग्लंडवर भीषण चक्रीवादळ कोसळले आणि वसाहतीतील असंख्य वृक्ष उन्मळून पडले. मॅरियनबाई तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. तीस वर्षे जोपासलेले रान असे आडवे झालेले पाहून दुसऱ्या कोणी हात टेकले असते. वसाहत पुन्हा सावरली. १९५६ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, मॅरियनबाईंनी लॉस एंजेलिस येथे देह ठेवला आणि पीटरबरोच्या टेकडीवर पतीशेजारी त्या विसावल्या. पतीमागे त्या अठ्ठेचाळीस वर्षे जगल्या. पतीसाठी जिने पियानो बंद केला होता, तिला पतीच्या निधनानंतर तोच पियानो उघडावा लागला. आणि मग ती पूर्वी कधी नव्हती इतक्या श्रोत्यांपुढे वाजवीत राहिली. वसाहतीत नवजीवन लाभलेल्यांची यादी करावयाची झाली, तर पहिले नाव त्यांचेच घालावे लागेल.

दुःखातून उभे राहिलेले असे हे एकच घर नव्हे. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्ज येथे 'याडो' नावाची प्रशस्त वास्तू आहे. तिचे मालक स्पेन्सर व कॅटरिना ट्रास्क यांची चारही मुले बालपणीच दगावली; त्यांतील दोन १८८८ मध्ये घटसर्पाने, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने गेली. वारस उरला नाही. तेव्हा या मातापित्यांनी आपले घर लेखक, चित्रकार व संगीतकारांसाठी ठेवण्याचा संकल्प केला. स्पेन्सर १९०९ मध्ये रेल्वे अपघातात आणि कॅटरिना १९२२ मध्ये मरण पावल्या. पहिले कलावंत तेथे १९२६ मध्ये आले. म्हणजे ज्यांनी दार उघडून ठेवले, त्यांना आत कोण आले हे पाहावयासही मिळाले नाही. पीटरबरो आणि साराटोगा या दोन्ही ठिकाणी घर मुलांवाचून राहिले आणि दोन्ही ठिकाणी ते परक्यांच्या उपयोगी पडले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. बरे करणारी ती किमया कशाची? हवा आणि रान यांचा वाटा आम्ही नाकारीत नाही. एमी बीच यांना तो पक्षी शहरात भेटला नसता. परंतु निव्वळ एकांताने माणूस बरा होत नाही. एकांत पुष्कळदा माणसाला खाऊनही टाकतो. रॉबिन्सन न्यूयॉर्कच्या गर्दीत एकाकीच होते. पीटरबरोने त्यांना जो एकांत दिला त्यात कोणीतरी त्यांची आठवण ठेवीत होते. भूक लागण्याच्या वेळी अन्न येत होते, ते आणणारा काही विचारीत नव्हता, आणि दिवस मावळल्यावर टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी ठेवलेली होती. त्यामागे स्वयंपाकघरात राबणारे हात होते, लाकूडफाटा आणणारे गडी होते, संगीतमंडळांतल्या बायांची वर्गणी होती आणि कुबड्या बाजूला ठेवून पियानोपुढे बसणारी एक विधवा होती. कलावंताचा मोकळा दिवस कोणाच्या तरी भरलेल्या दिवसावर उभा असतो. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याचे नाव राहते, दुसऱ्याचे क्वचितच.

मॅक्डॉवेल वसाहत आजही चालू आहे. १९६२ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये संस्थेने आपल्या नावातील 'वसाहत' हा शब्द गाळला. सुमारे ४५० एकरांच्या परिसरात ३२ कुट्या आहेत आणि दरवर्षी ३०० च्या आसपास कलावंत तेथे राहून जातात. निवासाचे शुल्क घेतले जात नाही. एडवर्ड यांची ओंडक्यांची कुटी अद्याप उभी आहे.

असे स्थान प्रत्येक कलावंताच्या नशिबी नसते; प्रत्येक थकल्या जिवाच्या तर नसतेच. परंतु आपल्या घरातही कोणी लिहू पाहणारी मुलगी असेल, आजारातून उठलेला आणि पुन्हा पेटीवर सूर शोधणारा भाऊ असेल, दुःखाने मुका झालेला वडीलधारा असेल. त्यांच्यासाठी ४५० एकर रान आपल्यापाशी नाही. दुपारचे ताट दाराशी ठेवून, काही न विचारता मागे फिरणे मात्र आपल्यालाही जमण्यासारखे आहे. पीटरबरोची सुरुवात तरी याहून मोठ्या कशाने झाली होती?